तांबी, पिशवी आणि सात महिन्यांची रांग

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि तेव्हापासून हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर ऊसतोडीच्या कोप्याच उभ्या राहतात. ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये बसून सांगलीच्या बातम्या वाचताना मला ही चर्चा अपुरी वाटते, कारण ‘मुलं झाली, आता पिशवी ठेवून काय करायची?’ हे वाक्य मी तासगावात आमच्याच माजघरात ऐकले आहे.

वहिनी ४१ वर्षांची. दर महिन्याला आठ-दहा दिवस तिच्या अंगावरून जात असे. व्हिडिओ कॉलवर तिने सोनोग्राफीचा अहवाल कॅमेऱ्यासमोर धरला, तर त्यात गर्भाशयात दोन सेंटीमीटरची एकच गाठ, फायब्रॉइडची; हिमोग्लोबिन मात्र आठ. डॉक्टरांनी ‘पुढे कॅन्सर झाला तर?’ असे म्हणून पिशवी काढायला सांगितले होते आणि घरच्यांनी ऊस कारखान्याला गेल्यानंतरची तारीखही धरली होती. फायब्रॉइडच्या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मला इकडे हाच त्रास झाला तेव्हा आधी रक्ततपासणी, मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि त्यानंतर गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, असा क्रम होता. गाठ तीन सेंटीमीटरहून लहान असेल तर याच तांबीचा विचार प्रथम करावा, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात. मी वहिनीला तसे सुचवताच ती उसळली, “ताई, तांबीनं मला आधी काय कमी छळलंय?” तिचे चुकले नव्हते. धाकट्याच्या वेळी बसवलेली तांब्याची तांबी रक्तस्राव वाढवू शकते; हार्मोनची मात्र, पहिले काही महिने अधूनमधून डाग पडले तरी, गर्भाशयाचे अस्तर पातळ करून तो कमी करते. उलट गुणांच्या दोन वस्तू आपण एकाच नावाने ओळखतो, आणि हा घोळ निस्तरायला दवाखान्यात पाच मिनिटेही कोणी देत नाही.

इकडचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला मला सात महिने लागले. मिरजेत सकाळी गेलेल्या बाईची सोनोग्राफी दुपारपर्यंत होते, याचा त्या काळात मला हेवा वाटे. पण तीच चपळाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेते, तेव्हा मला धास्ती वाटते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर चाळिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. आमच्या माजघरात त्याची वार्ता नव्हती.

वहिनीने तूर्त तारीख पुढे ढकलली आहे. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, आणि मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना विचारायचे प्रश्न तिने अहवालाच्याच पाठीमागे लिहून घेतले आहेत. पहिला, ‘कुठली तांबी?’