पासबुकावर सिस्टरची सही नसते

परवा रात्री मावशीचा फोन आला. "तुझ्या त्या पापडवाल्या बायकांना सांग, यंदा मला काही नको." गेली सहा वर्षं दिवाळीआधी नागलीचे पापड आणि कुळथाचं पीठ ती त्यांच्याकडूनच घेते आणि अख्ख्या दादरला त्याचं कौतुक सांगते. काय झालं म्हणून विचारलं, तर तिने एक मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळपर्यंत कमिटीने त्यांच्या स्टॉलची परवानगी रद्द केली. पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या या बारा बायका. बचत गट बांधायला तिथल्या कॅथलिक सिस्टरांनी मदत केली, एवढाच त्यांचा गुन्हा.

मेसेज म्हणतो: नन आदिवासींना फुकट खायला घालून आळशी करतात, बचत गटाचा पैसा कॉन्व्हेंटमधून रोमला जातो, परदेशी पैशावर कुणाची नजर नाही आणि नन टॅक्सही भरत नाहीत, आणि हे सगळं बाटवण्यासाठी चाललंय.

आधी बचत गटाचं बोलते, कारण स्टॉल त्याच्यापायी गेला. गटाचं खातं गटाच्या नावावर असतं. पैसे काढायचे तर गटाने ठराव करून निवडलेल्या बायकांच्या सह्या लागतात. सिस्टर गटाची सभासदच नाही, मग तिची सही येणार कुठून? आणि ही पद्धत काही चर्चने काढलेली नाही. गट बँकेला जोडायचं काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलं. आपल्या राज्य सरकारच्या 'उमेद' या ग्रामीण उपजीविका अभियानातले गटही असेच चालतात. मग त्यांचा पैसा कुठे जातो म्हणायचं?

मी चार वर्षं त्या पाड्यावर हिशोब शिकवायला जाते. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं असतं. रोकडीची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. प्रत्येकीची महिन्याची बचत १०० रुपये, कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज, आणि ते व्याज गटातच राहतं. गेल्या पावसाळ्यात सिस्टरने वहीतली बेरीज वाचून दाखवली, तेव्हा चौथीत शाळा सुटलेली एक बाई म्हणाली, "सिस्टर, दहा रुपये जास्त येतात." पुन्हा मोजलं. बाईचं बरोबर होतं. सिस्टरने आकडा खोडला आणि वही तिच्या हातात दिली. तेव्हापासून वही तीच लिहिते.

या पैशाने काय होतं ते मुंबईत बसून कळत नाही. भात कापून झालं की आमच्या इमारतींच्या विटा भाजायला तिकडची कुटुंबं भट्टीवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कुणी आजारी पडतं, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघं राबतात. पोरं सोबत जातात, म्हणजे त्यांची शाळा सुटते. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो आणि पुष्कळदा उचल शिल्लकच निघते. गटातून श्रावणात तीन हजार मिळाले की ती उचल घ्यावी लागत नाही. या गटातल्या पाच घरांची पोरं आता पूर्ण वर्ष शाळेत असतात.

आता 'आळशी करतात' याचं. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे सिस्टर रानी मारिया आदिवासींना एकत्र करून बचत करायला, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवायला शिकवत होत्या. लोक सावकाराच्या दारातून बाहेर पडू लागले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याने पुढे स्वतः सांगितलं की गावातल्या बड्या लोकांनी त्याला चिथावलं होतं. सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने, त्याही ननच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. मला एवढंच सांगा, फुकट धान्य वाटून लोकांना मिंधं करणाऱ्या बाईचा कुणा सावकाराला त्रास झाला असता का? मिंधी माणसं तर त्याला हवीच असतात. त्याला खुपते ती हिशोब विचारणारी बाई.

परदेशी पैशाचं थोडक्यात. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय तो घेता येत नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतो आणि त्याचा हिशोब गृहमंत्रालयाला द्यावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या संस्थेच्या नोंदणीचंसुद्धा नूतनीकरण अडवलं होतं, मग जानेवारीत ते परत मिळालं. नजर नाही कशी?

टॅक्सचं मात्र अर्धं खरं आहे. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि फादर पगार आपल्या धर्मसंघाला देतात, म्हणून कित्येक वर्षं त्यांचा टीडीएस कापला जात नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कापायचाच असं सांगितलं. म्हणजे मेसेज शिळा आहे. आमच्या पाड्यावरच्या सिस्टरांना तर पगारच नाही.

राहिलं बाटवणं. पोर्तुगीजांच्या काळात वसईत जबरदस्ती झाली, ते मी नाकारत नाही. पण वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली. देशात ख्रिस्ती १९५१च्या जनगणनेत २.३ टक्के होते, २०११ मध्येही २.३ टक्केच. या गटातल्या बाराजणींत एकही ख्रिस्ती नाही. वाघबारसेला त्या वाघोबाला पुजतात आणि नवं धान्य आलं की आधी कणसरीला, म्हणजे धान्यदेवीला दाखवतात. सिस्टरांना ते ठाऊक आहे, कारण त्यांनाही बोलावणं असतं.

चाळीस किलो पापड उन्हाळ्यात लाटून, वाळवून, डब्यांत भरून ठेवलेत. गटाने ठराव करून पासबुकाची झेरॉक्स दाखवायला मला परवानगी दिली आहे. रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग आहे, तिथे मी ती घेऊन येतेय आणि वही लिहिणारी बाईही सोबत येतेय. ज्यांनी मेसेज टाकला त्यांनी यावं आणि रोमला गेलेला रुपया तिला दाखवावा. मावशी, तूही ये.