स्वर्गीय नर्तकाविषयी फिरणारा संदेश आणि वस्तुस्थिती

उन्हाळा लागला की विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लांब शेपटीच्या पांढऱ्याशुभ्र स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचे छायाचित्र फिरू लागते. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: पांढरा तो नर, तांबूस ती मादी, हा पक्षी फुलांतल्या मधावर जगतो, म्हणून झाडाला साखरपाण्याची वाटी टांगावी, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेर तो राहत नाही, आणि नर नुसता मिरवतो, अंडी मादी एकटीच उबवते. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

मादी तांबूस असते हे खरे, पण म्हणून तांबूस दिसलेला प्रत्येक पक्षी मादी ठरत नाही. तरुण नर तांबूसच असतो. शेपटीची मधली दोन पिसे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लांब येतात, ती 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतात, आणि पुढे काही नर पांढरे होतात तर काही तांबूसच राहतात. श्रीलंकेत वीण करणाऱ्या उपजातीत तर पांढरा नर नसतोच. तेव्हा आखूड शेपटीचा तांबूस पक्षी दिसल्यास गळा पाहावा. नराचा गळा काळा असतो, मादीचा राखाडी.

मधाचा दावा तर चोच पाहूनच निकालात निघतो. रुंद, चपटी आणि बुडाशी राठ केस असलेली ही चोच उडते किडे हवेत टिपण्यासाठी आहे. साखरपाण्याला मुंग्या तेवढ्या लागतील.

गाभ्याचा दावा मात्र नुकसान करणारा आहे. मेळघाटात वा नागझिऱ्यात हा पक्षी आहेच, परंतु त्याला हवी असते ती दाट सावली आणि जवळ पाणी, मग ती नाल्याकाठच्या जांभूळ-करंज-अर्जुनाच्या रांगेत मिळो, बांबूच्या रांजीत मिळो किंवा मामा तलावाखालच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाखालच्या, आमराईत. दुपारी खालच्या फांदीवरून उथळ पाण्यात सूर मारून तो अंघोळ करतो, तेही अशाच जागी. ‘इथे काही राहत नाही’ असे एकदा मनात बसले की नाला खोलीकरणात काठची झाडे जेसीबीने काढताना कोणाला काही वाटत नाही.

राहिला घरट्याचा मुद्दा. मे ते जुलै हा विणीचा काळ. बारीक मुळ्या व गवत कोळ्याच्या जाळ्याने बांधून केलेली वाटी बऱ्याचदा खालच्या फांदीच्या बेचक्यात असते, कधी कोतवाल पक्ष्याच्या घरट्याजवळ, कारण कोतवाल कावळ्यांना हुसकावून लावतो. अंडी 14 ते 16 दिवस उबवली जातात आणि त्यात नराचा वाटा असतो. तो बसलेला असताना ती लांब शेपटी वाटीच्या काठावरून खाली लोंबत असते. पिलांना भरवण्याचे कामही दोघांचे. या दिवसांत छायाचित्रासाठी घरट्यासमोरची पाने छाटली, तर ऊन थेट पिलांवर येते आणि कावळ्यालाही वाट मोकळी होते.