मान पिवळी झाली, पण साप तोच आहे

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पिल्लू असताना काळा-करडा दाखवलेला माझा कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी, घरी पाळला जाणारा साप) तीन वर्षांनी गळ्यापाशी पिवळा दिसतो, म्हणजे एक तर साप बदलला किंवा फोटोत रंग भरला; आणि अशा पोस्ट वाचून लोक महागडी पिल्लं घेतात नि फसतात.

साप तोच आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मानेमागचे पहिले दोन ठिपके बघा. डाव्या बाजूला बारीक रेघेनं ते एकमेकांना चिकटलेत. वीतभर पिल्लू चार फुटी झालं तरी ठिपक्यांची मांडणी हलत नाही, बदलतो तो रंग.

माझा साप 'अनेरी' या रंगप्रकाराचा आहे, म्हणजे त्याच्यात लाल रंग तयारच होत नाही. पिवळा मात्र होतो, पण उशिरा. जन्मतः त्याचा मागमूस नसतो. मग हनुवटी, गळा, मानेच्या बाजू अशा क्रमानं तो चढत जातो. हे नेहमीच्या रंगाच्या सापातही होतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रानात सापडणारं पिल्लू करड्या अंगावर तपकिरी ठिपक्यांचं, अगदी साधं असतं. झगझगीत केशरी रंग यायला दोन-तीन वर्षं जातात. 'ब्लडरेड' या दुसऱ्या रंगप्रकाराचं तर पिल्लू बघून विश्वास बसत नाही, डोकं राखाडी आणि मोठेपणी सगळा साप विटेसारखा लाल. कात टाकल्यावर रंग उजळतो, पण नवा रंग कातेतून येत नाही. लाल-पिवळ्या पेशी कातेखालच्या थरात असतात. हातात घेतलेली कात जवळजवळ पारदर्शकच असते, ठिपक्यांची फक्त सावली उरते.

म्हणूनच मी सांगत असतो, पिल्लाच्या रंगावर पैसे लावू नका, ब्रीडरकडे, म्हणजे पिल्लं वाढवून विकणाऱ्याकडे, आई-बाप बघायला मागा. दाखवत नसेल तर परत फिरा. फसवणुकीची तुमची काळजी रास्त आहे आणि माझीही तीच आहे.

एक चूक मात्र माझी. पहिला फोटो ट्यूबलाइटखालचा, दुसरा उन्हातला, आणि दोन्हींवर वय लिहिलेलं नाही. त्यानं फरक आहे त्याहून मोठा दिसतो. या आठवड्यात तो कात टाकायच्या बेतात आहे, त्याचे डोळे दुधाळ निळे झालेत, अंग मळकट दिसतंय. कात पडली की खिडकीच्या उजेडात, त्याच बाजूनं फोटो काढून तारखेसह इथंच लावतो.