वयाला शोभेल अशी दाखवा

सांगलीत एका साडीच्या दुकानात मी ३४ वर्षं गादीवर बसलो. मार्चअखेर काम सोडलं. वय ५८. जे आज लिहितोय ते बायकोला १९ वर्षांपासून ठाऊक आहे, मुलीला चार. दोघींनी आधी वाचलंय, मगच टाकतोय.

मी घरी साडी नेसतो. रोज नाही, आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी. नेसली की मन निवतं. का, ते मला नेमकं सांगता येत नाही आणि सांगता यायला हवं असंही वाटत नाही. मी पुरुष आहे, नवरा आहे, बाप आहे. तृतीयपंथी माणसांनी जे सोसलं ते मी सोसलेलं नाही, त्यांच्या दुःखावर मला हक्क सांगायचा नाही.

साडीच्या दुकानातला माणूस दिवसातून वीस-पंचवीस वेळा साडी अंगाला लावतो. "भाऊ, पदर कसा दिसतो बघू," म्हटलं की उठायचं, खांद्यावर पदर टाकायचा, कमरेशी चार निऱ्या धरायच्या आणि आरशाकडे वळायचं. लग्नाचा बस्ता असला की समोर पंधरा बायका बसलेल्या असतात. नवरीचा शालू कितीदा तरी माझ्या खांद्यावर बघून ठरलाय. त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही. तोच मी, तोच खांदा, तीच साडी. दुकानाचं शटर खाली आलं आणि घराचं दार लागलं की तीच गोष्ट कानात सांगायची का व्हावी? ३४ वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

पण आज मला बोलायचंय ते वयाबद्दल.

"वयाला शोभेल अशी दाखवा." हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलंय. चाळिशीतली बाई स्वतःच म्हणते. साठीतल्या बाईसाठी तिचा मुलगा किंवा सून म्हणते. एक आजी मला विसरता येत नाहीत. दिवाळीची गर्दी होती. मुलगा म्हणाला, "आईला साधी दाखवा, फिकट, बारीक काठाची." मी बदामी, मोतिया, फिकी अबोली काढली. शेजारच्या गिऱ्हाइकासाठी उलगडलेली एक चिंतामणी रंगाची, गडद निळसर साडी गादीवर तशीच पडली होती. आजींनी तिच्यावर तळहात ठेवला आणि सगळी खरेदी होईपर्यंत उचलला नाही. बदामीची पावती झाली. मला साडीची घडी घालायची होती म्हणून मीच हळूच म्हणालो, "आजी, हात." त्यांनी हात काढून घेतला. ती साडी त्यांच्या अंगाला लावून बघा, एवढं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

माझ्या आईचं असंच झालं, त्याहून वाईट झालं. १९८२ साली वडील गेले तेव्हा ती ३८ वर्षांची होती. बांगड्या, कुंकू, जोडवी एका सकाळीत गेली. हिरवी इरकल, लाल रेशमी टोपपदराची, तिने ट्रंकेत तळाला ठेवली ती पुन्हा काढली नाही. त्यानंतर ती राखाडी आणि पांढुरक्या रंगातच राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता ह्या वयात काय करायचंय?" अडतिसाव्या वर्षी! ते वय नव्हतंच. लोकांनी काढून घेतलेल्या रंगाला तिने वयाचं नाव दिलं, म्हणजे भांडायला नको. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी वाचताना माझे हात थरथरत होते. आमच्यापासून किती जवळ आहे हेरवाड. चाळीस वर्षं आधी झालं असतं तर.

मी आयुष्यात पहिली साडी नेसली ती हीच इरकल. सोळाव्या वर्षी, घरी कुणी नसताना.

त्यामुळे कुणी मला विचारतं, किंवा मीच मला विचारतो, की ५८ व्या वर्षी पुरुषाने नेसायचीच असेल तर काय नेसावी, तेव्हा "वयाला शोभेल" हे माप हातात घ्यायला मी कचरतो. ते माप कुणाकुणावर चाललंय ते मी पाहिलंय. तरीही वय खोटं नाही. गुडघे, पोट, उन्हाळा, उंची हे सगळं खरं आहे, आणि कापडाला त्याचा विचार करावाच लागतो.

मी पाच फूट नऊ इंच आहे. ४४ इंची पन्ह्याची साडी मला घोट्याच्या वर राहते, खोचायला जेमतेम उरते. मला ४७-४८ चा पन्हा लागतो आणि तो सगळ्या मालात मिळत नाही, शोधावा लागतो. खांदे रुंद, म्हणून कडक कांजीवरम किंवा ऑर्गंझा अंगावर फुगते. मऊ सुती साडी अंगासरशी पडते. बारीक प्लेट घालून पिन केलेल्या पदरापेक्षा मोकळा सोडलेला पदर मला बरा दिसतो, खांदा झाकतो. ब्लाऊज कोपरापर्यंत बाहीचा, पाठ बंद. एप्रिलमध्ये आमच्याकडे सिंथेटिक नेसून दहा मिनिटं बसून दाखवावं. गुडघ्यांमुळे मला खाली बसून निऱ्या सारख्या करता येत नाहीत, ते बायको करते. रंग मात्र मी फिका घेत नाही. डाळिंबी, गडद हिरवा, जांभळा. ते कुठल्या वयाचे रंग आहेत असं कुणी विचारलं तर माझे आहेत.

इथवर यायला मला फार वर्षं लागली. चाळिशीच्या आसपास लपूनछपून जे घेत होतो ते सगळं झिरझिरीत, चमचमणारं, टिकल्यांचं. बायकोने पहिल्यांदा ते कपाट बघितलं तेव्हा ती रागावली नाही, बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ही तर वीस वर्षांच्या मुलीची खरेदी आहे." बरोबर होतं तिचं. बाई सोळाव्या वर्षी पहिली साडी नेसते, विसाव्या वर्षी हौस करते, चुकते, मैत्रिणी हसतात, आई ओरडते, तिशीपर्यंत तिला आपलं काय ते कळलेलं असतं. आमच्यासारख्याला ही वर्षं मिळतच नाहीत. ती आत साचून राहतात आणि पन्नाशीत एकदम बाहेर येतात, लाल लिपस्टिक आणि पोरीबाळींचा फ्रॉक होऊन. लोक अशा माणसाचा फोटो बघतात आणि म्हणतात, "निदान वयाचं तरी भान ठेव." मला त्या फोटोत अठरा वर्षांचा घाबरलेला मुलगा दिसतो. त्याला चार-सहा महिने तो फ्रॉक घालू द्यावा. पुढे कपाट आपोआप बदलतं. माझं बदललं. आणि एखाद्याचं नाही बदललं, सत्तरीपर्यंत त्याला टिकल्याच आवडल्या, तरी कुणाचं काय गेलं?

आमच्या सांगलीला तर ह्याचं नवल वाटायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ह्याच गावात नाटक उभं केलं, तेव्हा सीता पुरुषच झाला होता. मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व जशी साडी नेसत, जसा केसांत गजरा माळत, तसं त्या काळच्या घरंदाज बायका करून बघत. विचार करा, बाईने साडी कशी नेसावी हे एका पुरुषाकडे बघून ठरत होतं! पन्नाशी उलटली, अंग सुटलं, रंगभूमीवर खऱ्या बायका येऊन कित्येक वर्षं झाली, तरी ते स्त्रीभूमिका करत राहिले. त्याला आपण कला म्हणून हात जोडले, १९६४ साली सरकारने पद्मभूषण दिलं. मी कलावंत नाही, गाता येत नाही मला. पण साडी नेसायला गळा लागतो, हे मला पटत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण मला इनबॉक्समध्ये घाबरून विचारणारे असतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात पेहराव हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानलाय. तो निकाल तृतीयपंथीयांच्या लढ्यातून आला. त्यांचे उपकार आपल्यावर आहेत, एवढं आपण विसरू नये.

आई २०१५ साली गेली. तिला मी कधी सांगितलं नाही. तिची ट्रंक उघडली तेव्हा इरकल तळालाच होती, तेहेतीस वर्षं त्याच घडीवर. रेशीम एका घडीवर इतकी वर्षं ठेवलं की घडीवरच विरतं. आम्ही दुकानात दर सहा महिन्यांनी साड्यांच्या घड्या बदलायचो त्या ह्यासाठीच. टोपपदर चार ठिकाणी गेला होता. अंगाचं सूत मात्र चांगलं होतं.

इतकी वर्षं ती तशीच ठेवली. काम सोडल्यावर गेल्या महिन्यात रफूवाल्याकडे घेऊन गेलो. म्हातारा माणूस आहे, मला दुकानामुळे ओळखतो. त्याने पदर उजेडात धरला, बोट फिरवून बघितलं, म्हणाला, "जुना माल आहे. आता असा येत नाही. गिऱ्हाइकाची का?"

मी म्हणालो, "नाही, माझी आहे. मला नेसायची आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "पदर नुसता टाकायला, का पिन लावणार? पिनेच्या जागी मागून अस्तर देतो."

अस्तर द्यायला सांगितलंय. शुक्रवारी मिळेल.