म्यूट करून म्हटलेला हरिपाठ

परवा एका लग्नात ओळखीचे काका म्हणाले, "भजनं पूर्वीची! आता मोबाइलवर कसला आलाय हरिपाठ?" तिथे मी हसून गप्प बसले, पण डोक्यातून जाईना.

आमचे दादा, म्हणजे वडील, लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. शनिवारी रात्री चाळीच्या गॅलरीत भजन असायचं, पखवाज दादांचा. पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायची कणीक मळायचं काम माझं. जरा सैल झाली की दादा डोळे वटारायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि दादांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. पुढे ते एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन झाले. माणसं झोपलेली, तिथे पखवाज कुठून वाजवणार? भावाबरोबर डबा द्यायला गेले की दिसायचं, स्टुलावर बसलेत, ओठांत हरिपाठ आणि मांडीवर बोटं चाललीयत. त्या भजनाला कमी कसं म्हणू?

माझ्या वाट्याला लोकल आली. डोंबिवलीहून लेडीज डब्यात बसायचं, मुलुंडला सुरू केलेला हरिपाठ भायखळ्यापर्यंत उरकायचा. एकदा नाइट करून आलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, जरा झोपू द्या ना." तेव्हा राग आला होता. पण बरोबर तिचंच होतं हो! दुसऱ्या दिवसापासून टाळांना रुमाल गुंडाळला.

मग मार्च २०२० मध्ये लोकलच बंद. डब्यातल्या आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्या व्हिडिओ कॉलवर जमलो, तर एकीचा 'विठ्ठल' संपल्यावर दुसरीचा सुरू. नुसता गोंधळ. शेवटी ठरलं, एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी म्यूट. चौकटीचौकटीत नुसते ओठ हलताहेत. हसू यायचं आणि डोळेही भरायचे. त्या आषाढीला माउलींच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्यांना चालतं, तर आमच्या फोनला कोण नावं ठेवणार? आणि जनाबाईनं तरी वेगळं काय केलं, जात्यावर बसूनच गायली ना?

गेल्या वर्षी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. वरचे सूर गेले. खोटं कशाला बोलू, तीन-चार महिने देवाशी बोलणंच टाकलं होतं. दिलास तूच आणि काढून घेतलास तूच, मग तुझं कौतुक कशानं करू? मंडळातल्या बायकांनी काही समजावलं नाही. नुसती लिंक पाठवत राहिल्या.

आमच्यातली एक आता बदलापूरला, एक नालासोपाऱ्याला, त्यामुळे दर गुरुवारी रात्री नऊला अजून फोनवरच भरतं सगळं. मी म्यूटवर असते. ओठ हलतात, मांडीवर बोटं चालतात, दादांची चालायची तशीच. तालात मात्र अजून कच्चीच आहे.

काका, या गुरुवारी या. लिंक पाठवते.