आवाजांचं दालन, कृपया शांतता राखा

क्रीडा समालोचकांसाठी कीर्तिदालन काढायचं मनात आलंय? उत्तम. आधी नारळ, मग समिती, मग संगमरवर. आवाजांचं शेवटी बघू.

नियमांसाठी अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांकडे बघा. कूपरस्टाउनचं हॉल ऑफ फेम १९७८ पासून समालोचकांना फोर्ड फ्रिक पुरस्कार देतं, पण पुरस्कार मिळाला म्हणून माणूस हॉलचा सभासद होत नाही. पंगतीला बोलवायचं आणि पान पडवीत मांडायचं, ही कला आपल्याला शिकवावी लागणार नाही.

आता मानकरी. ए. एफ. एस. तल्यारखान यांनी १९३४ साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचं रेडिओवर धावतं वर्णन केलं. माइकवर शेजारी दुसरा माणूस त्यांना खपत नसे, म्हणून त्यांना पाच जणांच्या सामाईक पाटीत बसवा. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवलं. त्यांच्या तसबिरीखाली 'लेजेंड ऑफ द माइक' लिहा. जसदेव सिंग हॉकीचे, तेव्हा त्यांच्यामागे बॅट-बॉलचं चित्र चालेल. आणि कुस्तीच्या फडात हलगीच्या कडकडाटावर आवाज चढवून डाव न् डाव सांगणारा निवेदक? तो कुठल्या वाहिनीवर होता, ते आधी विचारा.

राहिल्या ध्वनिफिती. फीत महाग, म्हणून कित्येक सामने पुसून त्यांवर दुसरं काही भरलं गेलं, त्यामुळे तुमचं काम अर्धं झालेलंच आहे. उरलेल्या गच्चीवर पत्र्याखाली ठेवा. लोहकण धरून ठेवणारा थर दमट हवा पितो, चिकट होतो आणि फीत वाजवली की यंत्राच्या हेडवर, म्हणजे ती वाचणाऱ्या भागावर, तपकिरी गाळ सोडत किंचाळते. अशी फीत साधारण ५० अंश सेल्सियसच्या स्थिर उष्णतेत आठेक तास ठेवली, तर काही दिवस वाजते, तेवढ्यात प्रत काढून घेता येते. हे जाणणारा कुणी भेटलाच, तर त्याला स्वागत समितीत घाला. ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या जुन्या फिती खराब होऊ लागल्या की त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्या कधीच तापवायच्या नसतात. तुम्ही सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपेल अशी घ्या, असं जाणकार सांगतील. तासाभराचं एकपदरी (मोनो) ध्वनिमुद्रण साधारण १ जीबी होतं. एवढी जागा कुठून आणायची? (सत्काराच्या व्हिडिओला ४० जीबी लागले, तो वेगळा विषय.) एमपीथ्री करा, व्हॉट्सॲपवर टाका. वर गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर दोनदा फिरवा, म्हणजे प्रेक्षकांचा गलका जाईल आणि चौकार गेल्यावर समालोचक एकटाच का ओरडतोय, ते कुणाला कळणार नाही.

उद्घाटनाला मंत्री पाऊण तास बोलतील. ते मात्र २४ बिटांत घ्या, आणि तीन ठिकाणी जपून ठेवा.