पाठमोरी गाडी

रस्त्यावरच्या शर्यतींच्या गेममधली एक शर्यत दोन-तीन मिनिटांत आटोपते. तिच्याआधी गॅरेजमध्ये किती वेळ जातो, हे मात्र कुठल्याही गेमच्या खोक्यावर छापलेलं नसतं. "फक्त पुढचा बंपर बदलतो आणि निघतोच," असं म्हणणाऱ्याला मी कधी अडवत नाही. मीही तेच म्हणतो. फरक इतकाच, की मी आधी जेवून घेतो.

बंपर कधी एकटा बदलत नाही, हे या छळाचं मूळ. पुढचा बंपर चार बोटं खाली उतरला, की बाजूचे स्कर्ट, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, आखूड वाटायला लागतात. स्कर्ट खाली आणले, की मागचा बंपर कुणीतरी उचलून धरल्यासारखा दिसतो. तो डिफ्यूझरवाला, म्हणजे खालून हवा सोडणाऱ्या पात्यांचा घेतला, की सायलेन्सरची नळी नको तिथून डोकावते, म्हणून नळ्या बदला. एवढं झाल्यावर फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, फारच किरकोळ दिसतात, म्हणून ते रुंद करा. आणि रुंद फेंडरच्या आत मूळची चाकं अशी दिसतात, जसा थोरल्या भावाचा सदरा घातलेला धाकटा. मग ट्रॅक विड्थ, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, वाढवून चाकं बाहेर ओढायची. ती जास्त ओढली, की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरच्या पत्र्यातून आरपार बाहेर येतो. त्यात टायरचा दोष नाही. गेम टक्कर मोजतो ती भिंतीशी आणि दुसऱ्या गाडीशी. स्वतःच्या टायरची आणि स्वतःच्या फेंडरची त्याने कधी ओळखच करून दिलेली नसते.

यावर उपाय एकच: क्रम उलटा धरायचा. ज्याने गाडीचा आकार सगळ्यात जास्त बदलतो ते सगळ्यात आधी. म्हणजे पहिल्यांदा वाइड बॉडी (रुंद फेंडरांचा साज) किंवा पूर्ण किट (बंपर-स्कर्ट असा सगळा संच), मग गाडीची उंची, मग रिम आणि ट्रॅक विड्थ. बॉनेट, स्पॉयलर, आरसे, नळ्या त्यानंतर. रंग त्याच्याही नंतर, आणि व्हिनाइल, म्हणजे गाडीवर चिकटवायची चित्रं-अक्षरं, रंग सुकल्यावर. गेममध्ये तो लगेच सुकतो, पण आपलं मन सुकायला जरा वेळ द्यावा. आधी व्हिनाइल आणि मग किट असं केलं, तर दारावरचं नीटनेटकं अक्षर नव्या फेंडरवर रबरासारखं ताणलं जातं, नाहीतर अर्धं खाली घसरतं. शिवाय पूर्ण किट म्हणजे घरात आलेले बडे पाहुणे. आपण हौसेने घेतलेले सुटे बंपर आणि स्कर्ट अनेक गेममध्ये त्यांच्यापुढे बाद होतात, आणि यादीतली ती नावं करडी पडून नुसती बघत राहतात. 'ग्रॅन टुरिस्मो 7'मध्ये तर एकदा बसवलेली वाइड बॉडी काढताच येत नाही. गेम तशी सूचना देतो. सूचना वाचून बटण दाबणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

या खोडीची चटक बऱ्याच जणांना 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड'ने (2003) लावली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या 'अंडरग्राउंड 2'ने ती पक्की केली. बेव्ह्यू नावाच्या शहरात बॉडीचं दुकान वेगळं, रंगाचं वेगळं, इंजिनाचं वेगळं, निऑन (पोटाखालचे रंगीत दिवे) आणि हायड्रॉलिक्सचं (गाडी उड्या मारायला लावणारी यंत्रणा) आणखी वेगळं. आणि ती दुकानं गाडी फिरवत आपण शोधायची. म्हणजे बंपर घ्यायला निघालेला माणूस तिथे आधी दुकान शोधत होता. त्यात गाडीच्या दिसण्याला दहापैकी तारे. गेममधल्या डीव्हीडीच्या मुखपृष्ठावर गाडी झळकवायची तर अमुक इतके तारे हवेतच. आता हे तारे सौंदर्य बघत नसत, लावलेला माल मोजत. त्यामुळे निऑन, फिरत्या रिम, कात्रीसारखी वर उघडणारी दारं, डिकीत भिंतभर स्पीकर, असं सगळं एकाच बिचाऱ्या हॅचबॅकवर चढायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एका आख्ख्या पिढीची अभिरुची त्या ताऱ्यांनी घडवली, आणि ती पिढी आजही गाडीत रिकामी जागा दिसली की अस्वस्थ होते.

2005च्या 'मोस्ट वाँटेड'ने सुट्या बंपरची भानगडच मिटवली: घ्यायचं तर सबंध किट घ्या. वर एक शहाणपणाची सोय. पोलिसांचा ससेमिरा वाढला, की रंग नाहीतर किट बदलायचं. गाडीच्या नावावरची 'हीट', म्हणजे पोलिसांची तिच्यावरची नजर, उतरते. तीच गाडी, तोच चालवणारा, तोच उद्दामपणा. पण काल निळी होती आणि आज पिवळी आहे म्हटल्यावर पोलीस बुचकळ्यात. सजावटीचा एवढा व्यावहारिक उपयोग पुन्हा क्वचितच झाला. मग 2006च्या 'कार्बन'मध्ये आलं ऑटोस्कल्प्ट. बंपर, बॉनेट, रिम यांचे तयार नमुने होतेच, पण आता स्लायडर ओढून त्यांना हवा तो आकार देता येऊ लागला. दहा बंपरमधून एक निवडताना ज्याची रात्र जात होती, त्याच्या हातात शून्यापासून शंभरापर्यंतचे स्लायडर दिले. पुढच्या वर्षीच्या 'प्रोस्ट्रीट'मध्ये त्या आकाराचा हवेच्या दाबावरही परिणाम व्हायला लागला. तोवर निदान कुरूप बंपर निरुपद्रवी तरी होता.

वाइड बॉडीच्या बाबतीत खरी गंमत अशी, की गेममधला हा सगळ्यात सोपा प्रकार खऱ्या जगात सगळ्यात रक्त आटवणारा आहे. जपानमध्ये टीआरए क्योतो या कंपनीच्या केई मिउरांचं रॉकेट बनी किट, वातारू कातोंचं लिबर्टी वॉक, आणि पोर्शेवर हात चालवणारे आरडब्ल्यूबी या गॅरेजचे अकिरा नाकाई ही या पंथाची मोठी नावं. 2015च्या 'नीड फॉर स्पीड'मध्ये तर नाकाई स्वतःच येतात. खऱ्या गाडीचा मूळ फेंडर करवतीने कापावा लागतो, आतला पत्रा गंजू नये म्हणून सील करावा लागतो, आणि मग फायबरग्लासचा नवा फेंडर वरून बोल्टने आवळायचा. गेममध्ये हे सगळं एका बटणात होतं. बोल्टची डोकी मात्र गेमवाले इमानदारीने दाखवतात. माझं मत विचाराल तर बोल्ट दिसणारं किट घेतलं, की क्रोमचा नाद सोडावा. एक म्हणतं मला कारखान्यात ठोकलंय, दुसरं म्हणतं मला आरशात घडवलंय. दोघांचं एका गाडीवर पटत नाही.

आता मागचा पंख. 'फोर्झा होरायझन 5'मध्ये गाडीला कामगिरीचे गुण असतात आणि गुणांवरून वर्ग: बी 601 ते 700, ए 701 ते 800, एस-वन 801 ते 900. दोन तास खपून गाडी 798वर आणावी, "शोभेला" म्हणून पंख लावावा, आणि आकडा 801 व्हावा. झालं. आता आपली सजलेली हॅचबॅक एस-वनमध्ये, खऱ्याखुऱ्या राक्षसांच्या पंगतीला. तेव्हा आकडा शेवटी नव्हे, प्रत्येक भाग लावताना बघायचा. बंपर आणि बॉनेटनेही वजन बदलतं, आणि वजनाने गुण. एक-दोन गुण जास्त झाले तर मुद्दाम जड रिम लावून ते उतरवणारे महाभाग आहेत, आणि त्यांना हसू नये. ते बरोबर करतात. वाइड बॉडीचा तिथे एक खरा फायदाही आहे: आणखी रुंद टायर बसतात. पण रुंद टायरही गुण खातात, म्हणून रुंदी एकेक पायरीने वाढवावी.

पंख एकटा लावू नये, हेही जाता जाता. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने, म्हणजे वेग गुणिले वेग असा, वाढतो. ताशी 100च्या जागी 200 झाले की दाब दुप्पट नव्हे, चौपट. पंख असतो मागच्या चाकांच्याही मागे. तो गाडीचं बूड दाबतो आणि तरफेसारखं नाक उचलतो. मग भरधाव वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी विचार करत सरळ जाते, आणि आपण म्हणतो कंट्रोलर बिघडला. पंख मागे, तर स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची सपाट पट्टी, पुढे हवाच. समायोजन करता येत असेल तर मागचा दाब कमी करून बघावा. फोर्झाचा तो तयार समायोज्य पंख दिसायला कसा आहे, याबद्दल खेळाडूंमध्ये दुर्मीळ एकमत आहे. पण वेगात गाडी धरून ठेवतो, म्हणून लोक डोळे मिटून लावतात.

उंचीचंही असंच. गाडी जमिनीला टेकेपर्यंत खाली आणली, की गॅरेजमध्ये तिचा फोटो काढावासा वाटतो आणि पहिल्याच उंचवट्यावर ती बेडकासारखी उडते, कारण सस्पेन्शनला दबायला जागाच उरलेली नसते. चाकं हवेत असताना स्टिअरिंग म्हणजे नुसतं खेळणं. सगळ्यात खालच्या खुणेपासून दोन-तीन पायऱ्या वर घ्याव्यात; दिसण्यात फरक पडत नाही. चाकं फेंगडी करणारा कॅम्बर फोर्झामध्ये -5 ते +5 असतो. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचा टायर सपाट टेकावा, एवढ्यासाठी उणे एक-दीड अंश पुष्कळ. उणे पाच केला तर सरळ रस्त्यावर टायर फक्त आतल्या कडेवर उभा राहतो, आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्याची घाई कुणालाच नसते. खऱ्या गाडीचे नियम फारसे न पाळणाऱ्या, आर्केड पद्धतीच्या बऱ्याच गेममध्ये हा कोन निव्वळ दिखाव्याचा. तिथे खुशाल मिरवा. फक्त निऑन लावणार असाल तर गाडी फार खाली नको. उजेड पसरायला पोटाखाली जागा लागते, नाहीतर गाडीखाली दाराच्या फटीतून येतो तसा एक पट्टा उरतो.

रंगाच्या बाबतीत गॅरेजमधला उजेड हा पक्का खुशमस्कऱ्या. तिथे मॅट काळा रंग मखमलीसारखा दिसतो. बाहेर रात्र असते, मॅट रंग दिवे परतवत नाही, आणि ज्या फेंडरच्या वळणांवर एवढा जीव टाकला ती सगळी अंधारात गडप. उरतो धावणारा कोळसा. किट नक्षीदार असेल तर रंग उजळ धातूचा घ्यावा, आणि काळा फक्त स्प्लिटर-डिफ्यूझरला द्यावा. रंग ठरवण्याआधी गाडी एकदा दिव्याखाली आणि एकदा अंधारात फिरवून आणावी.

खरा घाम काढतं ते व्हिनाइल. फोर्झासारख्या गेममध्ये गाडीच्या डावी, उजवी, पुढची, मागची, वरची अशा वेगळ्या बाजू असतात, आणि प्रत्येक बाजूवर चित्र समोरून प्रोजेक्टरने पाडल्यासारखं पडतं. बॉनेटवरून निघून बाजूवर उतरणारा एक साधा पांढरा पट्टा घ्या. वरून बघितलं तर अगदी बरोबर. बाजूने बघितलं तर फेंडरवरचा त्याचाच उरलेला भाग बोटभर वर. तो एक अंश फिरवला की फेंडरवर जुळतो, दारापाशी सुटतो. दारापाशी जुळवला की फेंडरच्या गोलाईवर ताणून जाडा होतो. अर्ध्या तासाने कळतं, की पट्टा सांध्यावर जुळवायचाच नसतो. तो पत्र्याच्या फटीपाशी संपवायचा, किंवा टोक फाटक्या कुंचल्याचं ठेवायचं. बेमालूम जोड साधत नसेल तर तो जोड नव्हता, शैली होती, असं दाखवावं.

अक्षरांचा वेगळा तमाशा. एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला उतरवलं, की आकृत्या छान जुळतात आणि अक्षरं आरशातली होतात. ती एकेक करून पुन्हा उलटवावी लागतात. देवनागरीत नाव लिहायचं तर अक्षरं तयार नसतात; चौकोन, गोल, कमानी जोडून घडवायची. शिरोरेघ सोपी, एक लांब चौकोन. 'ळ' मात्र जीव खातो: दोन मोठे गोल, त्यांवर गाडीच्याच रंगाचे दोन छोटे गोल, म्हणजे भोकं दिसतात. मग निळ्या गाडीचा रंग लाल करायची बुद्धी होते, आणि लाल गाडीवर 'ळ'च्या पोटात दोन निळे डोळे लुकलुकतात. म्हणून भोकांना रंग नको, मास्क, म्हणजे वरचा थर कापून खालचा गाडीचा रंग दाखवणारी आकृती, वापरावा.

हे सगळं आटोपून शर्यत सुरू होते, आणि कॅमेरा गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो. पुढचा बंपर, स्प्लिटर, बॉनेट, पापणीदार हेडलाइट हे आता फक्त पुढच्या गाडीवाल्याला दिसणार. तोही मागे बघत नाही. ताशी 200वर रिमचा नुसता करडा गोल होतो, दारावरचा 'ळ' कुणाच्याच नजरेत नाही. दिसतो फक्त पार्श्वभाग: मागचा बंपर, दिवे, नळ्या, पंख. म्हणून वेळ कमी असेल तर सजावट पाठीकडून सुरू करावी. मागचा बंपर आणि टेललाइट यांवर निम्मी मेहनत, पंख दिवे झाकणार नाही असा, नळ्या बंपरच्या आकाराला शोभतील अशा. पुढच्या भागाकडे उरल्यासुरल्या वेळात बघावं.

आणि या दृश्याच्या बरोबर मधोमध, शर्यतभर डोळ्यांसमोर, एक पांढरा चौकोन असतो. यादीत तो सगळ्यात शेवटी येतो. तिथवर पोचेपर्यंत डोळे मिटायला आलेले असतात, म्हणून त्यात गेमने स्वतःच टाकलेली मूळची अक्षरं तशीच राहिलेली असतात. नंबर प्लेट.